हाउकी तळ्यावरची हिरवी

एइनार दारात उभा राहिला तो हातात पावाची वेणी घेऊन. वेलदोडा घातलेली, वरून साखर भुरभुरलेली. बारा वर्षांत हा माणूस या घरी पान्या-पक्कडीशिवाय आला नव्हता. सायमीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"बायकोनं दिलाय," म्हणत तो बूट झटकून चुलीपाशी बसला. मागून वाल्तेर आत आला. दाराची चौकट त्याच्या खांद्यांना कायम अपुरी पडायची. त्यानं टोपी काढली नि हातातच फिरवत राहिला.

चुलीच्या पलीकडे तौनो बसला होता. उजवा हात मांडीवर, लोकरीच्या हातमोज्यात. नोव्हेंबरात ओंडका घसरला आणि अंगठा खाली सापडला. डॉक्टरनं तो मुळापासून काढून टाकला. जखम केव्हाच भरली होती, पण हात मोज्याबाहेर येत नव्हता. कोणी आलं की मोजा आणखी वर ओढला जाई.

सायमीनं कॉफी ओतली. शेवटी एइनारनंच घसा साफ केला.

"तौनो, आम्ही दोघांनी ठरवलंय. यंदा पहिला पट्टा तुझा."

"शर्यत अजून तीन आठवड्यांवर आहे," तौनो म्हणाला.

"तू कशाला त्या भानगडीत पडतोस? आम्ही दोघं पळवू. दुसरा-तिसरा आमचं आम्ही बघू."

"आणि हिरवी?"

वाल्तेरनं टोपी थांबवली. "हिरवीला आता राहू दे गोठ्यामागं. म्हातारी झाली ती. कोंबड्या बसतील तिच्यावर."

तो गमतीनं बोलला होता. पण हसलं कोणीच नाही.

हाउकी तळ्याच्या पैलतीरी सीडरचं रान होतं. लाकूड कंपनी दर हिवाळ्याला त्यातला एक तुकडा या तिघा मित्रांना तोडीला द्यायची. तुकड्याचे तीन पट्टे पडत. पहिला काठालगत, सपाट. दारात झाड पाडल्यासारखं काम. दुसरा टेकाडावर. तिसरा दलदलीत, तिथून एकेक खांब खांद्यावर घेऊन काढावा लागे. कुणाला कुठला पट्टा हे इंजिनाच्या बर्फगाड्या ठरवत. उपासाचे दिवस लागण्याआधीच्या मंगळवारी, घसरणीच्या सणाला, तळ्यावर तिघांची शर्यत. पहिला येईल त्यानं आधी निवडायचं, आणि तोडीचा म्होरक्याही त्यानंच व्हायचं. एइनारची पिवळी, वाल्तेरची काळी, तौनोची हिरवी. बारा हिवाळ्यांत हिरवीनं पाच वेळा बाजी मारली होती.

तौनो उठला. "दिलेल्या पट्ट्यात मी कुऱ्हाड लावणार नाही," एवढंच म्हणाला आणि गोठ्याकडे निघून गेला.

"वहिनी, आमच्या मनात काही वाईट नव्हतं हो," एइनार म्हणाला.

"ठाऊक आहे मला," सायमी म्हणाली. "पाव छान झालाय म्हणून सांगा."

पुढचे चार दिवस तौनो चुलीपाशीच बसून राहिला. लाकूड सरकवायचा, खिडकीतून तळं बघायचा. जेवायला बोलावलं की यायचा. सायमीनं दुष्काळी सालं काढली होती, एक वासरू पुरलं होतं, एक मूलही पुरलं होतं. पण हे बसणं तिला सोसवेना. आज हा शर्यतीतून उठला, उद्या रानातून उठेल, परवा जगण्यातून. देवानं माणूस ठेवला आणि बोट तेवढं नेलं, याचे तिनं रोज आभार मानले होते. आता माणूसच बोटामागं चालला होता.

पाचव्या दिवशी दूध काढून झाल्यावर ती गोठ्यामागं गेली, हिरवीवरचं गोणपाट ओढून काढलं आणि घरात येऊन म्हणाली, "चल. सांग मला काय करायचं ते."

"कशाचं?"

"हिरवीचं. मी पळवणार."

तौनोनं तिच्याकडे पाहिलं. पन्नाशीची बाई, डोक्याला रुमाल, अंगाला ताज्या दुधाचा वास. "पेट्रोलचा खटका अंगठ्यानं दाबून धरावा लागतो, सायमी. तीन मैल जायचं, तीन यायचं. पुरुषांचे अंगठे बधिर होतात."

"चौदा गाई दोन वेळा पिळते मी. बावीस वर्षं. तुझ्या मित्रांचे अंगठे कुठल्या गाईखाली गेलेत?"

तो जवळजवळ हसला.

कामाला लागले ते गोठ्याच्या आडोशाला, वाऱ्यात. तौनो बादली उलटी घालून बसायचा नि सांगायचा, सायमी करायची. टोपण उघडलं की आत कार्ब्युरेटर, त्याच्या पोटात करंगळीच्या नखाएवढा पितळी जेट. त्याला केसाएवढं भोक, तेवढ्यातून पेट्रोल जायचं. असे अकरा जेट तौनोनं मोहरीच्या डब्यात ठेवले होते, लहान भोकापासून मोठ्यापर्यंत.

"नीट ऐक," तो म्हणाला. "हवा जेवढी थंड तेवढी दाट. दाट हवेला पेट्रोल जास्त लागतं. म्हणजे मोठा जेट. लहान घातलास तर गाडी आधी अशी पळेल की तुला वाटेल पंख फुटले. मग आत भट्टी होते, दट्ट्या वितळतो आणि नळीत चिकटून बसतो. खेळ खलास."

"आणि मोठा घातला, पण हवा उबदार असली तर?"

"तर खोकत बसेल. धूर ओकेल. पळायची नाही."

पहिल्या आठवड्यात ती खोकतच होती. तळ्यावर मैलभर गेली आणि गचके खात बंद पडली. सायमीनं दोरी ओढ ओढ ओढली, खांदा निखळायची पाळी आली. तेवढ्यात वाल्तेर काळीवरून मासे पकडायला चालला होता. त्यानं हिरवीला दोर बांधला आणि ओढत किनाऱ्याला आणलं. काठावरच्या दुकानाच्या ओट्यावर सहा माणसं उभी होती.

"वहिनी," वाल्तेर दोर सोडताना म्हणाला, "गाईला शेपटीकडून ओढलं की ती पुढं जात नाही म्हणतात. बघा, त्यातलंच काही झालंय का."

ओट्यावर हशा पिकला. सायमी लाल झाली. घरी येऊन तिनं तौनोला सांगितलं तेव्हा तौनोही लाल झाला, पण रागानं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मोजा काढून ठेवला आणि चार बोटांच्या हातानं प्लग धरून दाखवला.

"हे बघ. प्लगचं तोंड काळं म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरं म्हणजे कमी, तिथं मरण. कॉफीत साय घातल्यावर जो रंग येतो ना, तो हवा."

प्लगचा रंग डोळ्यांना कळला. पण सायमीला खरं कळलं ते कानांनी. रविवारी प्रार्थनेच्या सभागृहात आबेलकाका प्रवचन करायचे. शेतकरीच माणूस, पण उभा राहिला की जुन्या फिनिश बोलीत बोलता बोलता बोलणं गाऊ लागे. ओळ उचलत न्यायची, उचलत न्यायची, आणि कृपेच्या नावाशी आली की आवाज गळ्यातून सुटून छातीतून यायचा. सायमीचे डोळे दर रविवारी त्या एका जागी भरून येत. हिरवीचंही तसंच होतं, हे तिच्या ध्यानात आलं. जेट लहान असला की आवाज गळ्यात अडकायचा, वर वर चिरकायचा. मोठा असला की घोगरा, ओला. आणि बरोबर बसला की छातीतून, भरून.

"आता आला," ती म्हणायची. तौनो प्लग काढायचा. कॉफी आणि साय.

"तुला कसं कळतं गं?"

"आबेलकाका थकलेत की रंगात आलेत ते कसं कळतं? तसंच."

तौनोनं मान हलवली. मग दोघं क्लचकडे वळले. ती आत हात घालायची, हा बाहेरून बोलायचा. "डावीकडे. अगं, तुझ्या नव्हे, गाडीच्या डावीकडे." "गाडीला डावं-उजवं तूच शिकवलंस, मला काय माहीत!" चुलीपाशी आता कोणी बसत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, तिन्ही गाड्या एइनारच्या अंगणात उभ्या राहिल्या. जुना नेम होता. एका वर्षी शर्यतीच्या सकाळी तिघेही उन्हं वर येईपर्यंत पाने-पक्कडी फिरवत बसले, वाटाण्याचं सूप करपलं, आणि बायकांनी फर्मान काढलं. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी जो काय जेट बसवायचा तो बसवायचा, आणि मग आबेलकाकांनी प्रत्येक टोपणाला लाल लोकरीची गाठ मारायची. गाठ सुटलेली दिसली की शर्यतीतून बाद. उद्याची हवा कशी असेल ते ज्याचं त्यानं आजच ओळखायचं.

यंदाचा हिवाळा मऊ होता. आठवडाभर छपरांवरून पाणी ठिबकत होतं. एइनारच्या खिडकीत रेडिओ सांगत होता की उद्याही असंच.

"असंच," एइनार खुशीत म्हणाला आणि लहान जेट घातला. वाल्तेरनंही तोच घातला.

सायमी दूध काढून सरळ तिथे आली होती. गोठ्यात तिनं पाहिलं होतं की मांजर गवताच्या माडीवरून उतरून वासराच्या पोटाशी शिरलंय. गाई दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. आणि बाहेर येताना नऊ मैलांवरच्या रुळावरच्या गाडीची शिट्टी अगदी परसात वाजल्यासारखी ऐकू आली होती. वारा वायव्येला फिरला होता. नाकाला लोखंडाचा वास येत होता.

तिनं मोहरीच्या डब्यातून सगळ्यात मोठा जेट उचलला.

"काय करतेस?" तौनो दबक्या आवाजात म्हणाला. "हा कडाक्याच्या थंडीचा आहे. यंदा एकदाही लागला नाही."

"उद्या लागेल."

"रेडिओ सांगतोय..."

"रेडिओला गोठा आहे का?"

"सायमी, चूक झाली तर गाडी सुरूसुद्धा व्हायची नाही. सगळ्या गावापुढं. मला चालेल ते, पण तुला..."

"तू कानानं सांगितलेलं ऐकलंस. आता नाकानं सांगते ते ऐक."

तौनो तिच्याकडे बघत राहिला. बारा वर्षं जेट त्यानंच निवडला होता. मग त्यानं पाना तिच्या हातात दिला.

जेट बसवून तिनं गाडी चालू करून दाखवली. हिरवी खोकली, थुंकली, आणि काळ्या धुरानं अंगण भरून गेलं. एइनारचा कुत्रा भुंकत पळाला.

"वहिनी, सूप उद्या आहे हो," वाल्तेर म्हणाला, "आजच चूल कशाला पेटवलीत?"

एइनार मात्र गंभीर होता. तो तौनोला बाजूला घेऊन म्हणाला, "अजून वेळ आहे. पहिला पट्टा तुझाच, शब्द देतो. बाईमाणसाची फजिती कशाला करतोस?"

"तिची फजिती तीच बघेल," तौनो म्हणाला. "गाठ मारा, आबेलकाका."

आबेलकाकांनी गाठ मारली. "मी यातलं काही बघितलं नाही," ते नेहमीप्रमाणे म्हणाले. "मी फक्त सूपासाठी येतो."

पहाटे सायमी दार उघडायला गेली तर दार चौकटीला चिकटलेलं. खांदा लावून उघडलं. श्वास नाकातच कडकडला. भिंतीवरच्या नळीत पारा तळाशी जाऊन बसला होता. गोठ्याकडे जाताना पायाखालचा बर्फ कोरड्या लाकडासारखा वाजत होता. ती गाईच्या कुशीला कपाळ टेकवून दूध काढत राहिली आणि मनात म्हणत राहिली, देवा, मी तुझ्याकडे जय मागत नाही. पण दिलास तर घेईन.

किनाऱ्यावर सारं गाव जमलं होतं. वरच्या उतारावरून पोरं-थोरं लाकडी घसरगाड्यांवरून ओरडत खाली येत होती. एइनार नि वाल्तेर आपल्या गाड्यांपाशी उभे होते. टोपणांवर लाल गाठी तशाच होत्या. दोघांच्याही भुवयांवर बर्फ साचला होता, आणि दोघंही हिरवीकडे बघत होते.

"काय हो वहिनी," वाल्तेर म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मांजरानं."

एइनारनं ओठ दाबले. "हळू पळवली तर निभेल," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

"तू आणि हळू!" वाल्तेर म्हणाला.

तौनोनं सायमीच्या रुमालावर आपली कातडी टोपी चढवली, पट्टे हनुवटीखाली बांधायचा प्रयत्न केला. चार बोटांना जमेना. सगळे बघत होते. तो थांबला नाही. दात लावून पट्टा ओढला आणि गाठ बसवली. "बेटापाशी जिथून परत फिरायचं, त्या पिंपाला वळसा घालताना अंग आत टाक," तो म्हणाला. "बाकी तुला माहीत आहे."

आबेलकाकांनी हात वर केला, खाली केला.

पिवळी सुटली ती गोळीसारखी. लहान जेट, दाट हवा. तिला खरंच पंख फुटले होते. काळीही तिच्या मागे. हिरवी तिसरी. बर्फाचा भुगा सायमीच्या चेहऱ्यावर सुयांसारखा येत होता. तिनं खटका टोकापर्यंत दाबला आणि कान लावला. हिरवी गात होती. छातीतून, भरून, एका दमात. पुढे पिवळीचा आवाज मात्र वर वर चढत होता, गळ्यातून, चिरकत.

"एइनार, अंगठा सोड!" सायमी ओरडली. तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

बेटापाशी एइनार सात-आठ गाड्यांच्या अंतरानं पुढे होता. पिंपाला वळसा घालून तो परत फिरला तेव्हा तिच्या बाजूनं जाताना त्याचे दात दिसले, हसत होता. सायमीनं अंग आत टाकलं. गुडघा बर्फाला घासला, हिरवी फिरली. आता घराकडे तोंड.

अर्धा मैल गेला असेल नसेल. पिवळीतून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा एक आवाज आला आणि खालचा फिरता पट्टा जागीच गच्च झाला. गाडी आडवी घसरत, गिरक्या घेत गेली आणि थांबली. धूर नाही, आवाज नाही. एइनार तिच्यावर तसाच बसून.

सायमीनं खटका सैल केला. गाडी त्याच्या दिशेनं वळवलीच होती, तेवढ्यात एइनार उठून उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर हलवत ओरडू लागला, "मी ठीक आहे! जा! जा ना बाई, वाल्तेर चाललाय!"

काळी पुढे निघून गेली होती. सायमीनं दात आवळले आणि दाबलं. अंगठा केव्हाच तिचा राहिला नव्हता. लाकूड झाला होता. पण लाकूड सरकत नाही. काळीची पाठ जवळ आली. वाल्तेरनं मागे बघितलं. त्यानं एइनारची गाडी अडकलेली पाहिली होती. आपल्याही टोपणाखाली तोच जेट आहे हे त्याला ठाऊक होतं. तो दाबायचा, काळी चिरकायची. तो घाबरून सोडायचा. पुन्हा दाबायचा, पुन्हा सोडायचा. सायमीला काहीच सोडायचं नव्हतं.

किनारा दिसू लागला. माणसं, घसरगाड्या, सूपाच्या कढईची वाफ. हिरवी काळीच्या बरोबरीला आली. वाल्तेरनं आडव्या नजरेनं पाहिलं आणि वाऱ्यात काहीतरी ओरडला. नंतर तो सांगायचा की शिवी होती. सायमी सांगते, आशीर्वाद होता. मग तो मागे पडला. एक लांबी. दोन. पाच.

किनारा ओलांडून हिरवी थेट उतारावर चढली, घसरगाड्यांच्या पोरांत जाऊन थांबली. सायमीला अंगठा खटक्यावरून उचलता येईना. तौनो पळत आला आणि त्यानं चार बोटांनी तिचा एक अंगठा सोडवला. मोजा घालायचा विसरून आला होता. अख्खं गाव बघत होतं. त्याला त्याचं भान नव्हतं. तो नुसता म्हणत होता, "गायली गं. तीन मैलांवरून ऐकली मी. गायली."

आबेलकाका म्हणाले, "मी काही बघितलं नाही." त्यांच्या दाढीवर आसवं गोठली होती.

लांब टेबलावर सूप आलं, मलईचे पाव आले. कृपेचं गाणं म्हणून झालं तेव्हा एइनार पायी चालत पोहोचला. त्यानं खिशातून हात काढून टेबलावर दट्ट्याचा वितळलेला तुकडा ठेवला.

"घ्या," तो म्हणाला. "हे तुमचं बक्षीस. वहिनी, पट्टा सांगा."

वाल्तेरनं नकाशा पसरला. तौनोनं सायमीकडे बघितलं नाही. सूपातच बघत राहिला. सायमीनं दुखरा अंगठा काठालगतच्या सपाट पट्ट्यावर टेकवला.

"हा. आमचा. जिंकलेला."

"जिंकलेला," वाल्तेर म्हणाला. "मग मला टेकाड. आणि एइनारला दलदल, बेडकांसकट."

"एइनारची गाडी तर मेली," सायमी म्हणाली. "दलदलीतले खांब तळ्याच्या या काठाला कसे आणणार?"

एइनारचा चेहरा ताठ झाला. "दया नको मला, वहिनी."

"दया कुठली? भाडं घेईन. तुझे खांब हिरवी ओढेल. आठवड्यातले दोन दिवस तू तौनोबरोबर दुहेरी करवतीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहशील. त्याला जोडीदार हवाय."

एइनारनं तौनोकडे बघितलं. तौनोनं मान वर केली.

"करवत मी ओढतो तेव्हा समोरच्याची फरफट होते," तो म्हणाला. "झेपेल का तुला?"

"तुला?" एइनार म्हणाला. "अरे, तुझा बाप असता तरी दमवला असता मी!"

"मग बोलतोस काय? ये की!"

वाल्तेरनं टेबलावर मूठ आपटली. तौनो हसला, मोठ्यानं, तोंडातला पाव दिसेपर्यंत. एइनारनंही खुर्ची ओढून वाडगा पुढे केला.

"कधी निघायचं ते म्होरक्यानं सांगायचं," वाल्तेर म्हणाला. "वहिनी?"

"उद्या. दूध झालं की. साडेसातला मी बर्फावर असेन."

"साडेसात? अंधार असतो हो!"

"म्हणूनच सांगते, माझ्या मागून या. दिवा मी लावीन."

दुसऱ्या दिवशी साडेसातला हिरवी तळ्यावर उतरली. मागे बांधलेल्या घसरगाडीवर तौनो उभा होता, कुऱ्हाड डाव्या खांद्यावर, करवत पायाशी. किनाऱ्यावरून एइनार धावत येत होता, एक बूट बांधलेला, एक मोकळा, "थांबा! अरे थांबा की!" म्हणत.

"थांबायचं का?" सायमीनं मागे न बघता विचारलं.

"हळू घे," तौनो म्हणाला. "पण थांबू नकोस. पळू दे जरा."